सुतकातला समुद्र

आम्ही रामेश्वरला गेलो आणि देवळात पाऊल टाकलं नाही. हे आधीच सांगून टाकते. आमच्या भावकीत अजून दोन-चार म्हातारी माणसं अशी आहेत, जी माझ्याशी बोलताना विषय फिरवत फिरवत तिथेच आणून ठेवतात आणि मी मान खाली घालीन म्हणून वाट पाहत बसतात. बसू देत. मान खाली घालायची वेळ आयुष्यात माझ्यावर पुष्कळदा आली, कधी माझ्या चुकीने, कधी नशिबाने. पण त्या प्रवासासाठी मी ती कधी घातली नाही, आणि आता तर डॉक्टरने मानेला पट्टाच बांधलाय, घालीन म्हटलं तरी जाणार नाही.

नाचणगावात आमच्या घराचे दोन भाग होते. पुढच्या भागात बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे मोठे बाबा, आणि मोठी आई. मागच्या भागात आम्ही चौघं: आई, बाबा, मी आणि धाकटी सुमी. मधल्या अंगणात विहीर. विहीर दोन्ही घरांची, पण पाणी ओढायचं काम आईचं, असं कोणी न सांगताच ठरून गेलं होतं. पुलगावच्या गिरणीचा भोंगा व्हायच्या आत विहिरीचं चाक कुरकुरायला लागे आणि त्या आवाजाने आम्हाला जाग येई. उन्हाळ्यात पाणी खाली खाली जाई, दोराला दुसरा दोर जोडावा लागे, आणि आईच्या तळहातांची कातडी निघे. ती रात्री हाताला खोबरेल तेल चोळत बसायची आणि पाण्याला शिव्या द्यायची. माणसांना कमी द्यायची. बाबा पुलगाव-आर्वीच्या छोट्या गाडीवर गार्ड होते. ती गाडी बंद होऊन जमाना झाला, रुळांवर बाभळी उगवल्या. पण तेव्हा तिचा फार रुबाब होता. शेतातून कोणी हात हलवत धावत आलं तर बाबा गाडी रोखून धरायचे. माणूस फार मऊ. कोणाला नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही, त्यामुळे त्यांच्या वाट्याचं 'नाही' आईला म्हणावं लागे आणि वाईटपणा तिच्या पदरात पडे.

संध्याकाळी चुलीपुढे आई भाकरी थापायची आणि मी तिच्या बाजूला बसून मोठ्याने धडे पाठ करायचे. मोठ्याने, कारण आईला शाळा तिसरीतच सोडावी लागली होती आणि माझा अभ्यास ती चोरून ऐकायची. त्या दिवशी अंबाडीची भाजी शिजत होती, लसणाचा वास सुटला होता, आणि मी घोकत होते, चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागाला बेट असे म्हणतात. आईचा हात थांबला. भाकर परातीत तशीच. चारही बाजूंनी पाणी? मग ते वाहून कसं जात नाही? आणि लोक राहतात तिथे? मी म्हटलं, राहतात. मग त्यांना पाणी ओढावं लागत नसेल, असं ती म्हणाली. ते पाणी खारट असतं, असं मी तिला सांगितलं, पण ते तिच्या कानात शिरलं नाही. बाबा तेव्हाच ड्युटीवरून आले होते. त्यांनी सहज सांगितलं की, बेटावर आगगाडीसुद्धा जाते, समुद्रावरच्या पुलावरून, रामेश्वरला. बस. त्या दिवसापासून आईने बाबांच्या पासाचा पिच्छा धरला. रेल्वेच्या माणसाला घरच्यांसाठी फुकट प्रवासाचा पास मिळतो. आमचा पास दरवर्षी कोणाच्या तरी लग्नाला नागपूर नाहीतर अमरावती एवढ्यावर खर्ची पडायचा.

रामेश्वर म्हटल्यावर पुढच्या घरात आनंदच झाला. मोठ्या आईने परस्पर ठरवून टाकलं की, हे तीर्थयात्रेला चालले आणि आल्यावर मावंदं घालायचं. यात्रेहून आलेल्या माणसाने सगळ्या भावकीला जेवू घालायचं, असा तो मान. तिने गावभर सांगूनही टाकलं. आईला ते पटलं नाही. ती पुढच्या घरात जाऊन सरळ म्हणाली, "मोठ्या बाई, मी देव पाह्यले नाई, पानी पाह्यले चालली. देव तं अथीबी आहे." मोठ्या आईने कानावर हात ठेवले. बाबा मधे पडून म्हणाले, दोन्ही पाहून येऊ. असं त्यांचं नेहमीचं, दोन्ही.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि निघालो. पत्र्याची एक ट्रंक, एक वळकटी, आणि डब्यात दशम्या, तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. वर्ध्याला मद्रासची गाडी पकडली. खिडकीतून दिसणारी माती आधी काळी होती, मग लाल झाली, आणि दुसऱ्या दिवशी सगळं हिरवं. मद्रासच्या स्टेशनावर आईने उपम्याची प्लेट घेतली आणि विक्रेत्याला म्हणाली, वरून थोडा सांबार टाक. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. त्याने पळीभर गरम आंबट वरण ओतलं. आईने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग प्लेटकडे, मग चाखून पाहिलं आणि म्हणाली, आण अजून. तिला तमिळ येत नव्हतं, हिंदीही मोडकीच. तिने पूर्ण प्रवास आपल्याच बोलीत केला, फक्त आवाज मोठा ठेवून. मी लाजेने मरत होते. पण तिला हवी ती वस्तू मिळाली नाही असं एकदाही झालं नाही.

शेवटची गाडी रात्रभर चालून सकाळी मंडपमला आली. मंडपम म्हणजे जमिनीचं शेवटचं स्टेशन. त्यापुढे पूल, पुलापलीकडे बेट. ताडाची झाडं, पांढरी वाळू, आणि हवेत असा वास, जो आमच्यापैकी कोणी कधी घेतला नव्हता. खिडकीतून दूर एक निळी पट्टी दिसत होती. आई तिच्याकडे पाहत होती, आणि तेवढ्यात फलाटावर एक स्टेशनातला माणूस हातात चिठ्ठी घेऊन डब्याडब्याशी ओरडत आला: पुलगाव गार्ड, पुलगाव गार्ड. रेल्वेला स्वतःची तार असते. बाबांच्या पुलगावच्या सोबत्यांनी मोठ्या बाबांचा निरोप स्टेशनांमागून स्टेशनं आमच्या पुढे धाडला होता. बाबांनी चिठ्ठी वाचली. रोहण्याचे आबाजी वारले. माती झाली. सुतक आहे. देवळात जाऊ नका. परत या.

आबाजी म्हणजे बाबांचे चुलते. दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. सुतक आम्हाला दहा दिवसांचं, त्यात वाद नव्हता. आईने आधी पदर डोळ्यांना लावला आणि ती खरंच रडली, हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर तिच्या हसण्याबद्दलच जास्त बोललं गेलं. त्या दोन वर्षांत दर पंधरवड्याला ती बाबांच्या गाडीने रोहण्याला जायची, आबाजींना मऊ भात भरवायची, त्यांचे पाय चेपून संध्याकाळच्या गाडीने परत यायची. भावकीतलं दुसरं कोणी जात नव्हतं. मोठे बाबा एकदा दारातून पाहून आले होते. आई रडत होती तोवर बाबांनी ट्रंक खाली उतरवली, वळकटी उतरवली, सुमीला उतरवलं, मीही उतरले. आई उतरली नाही. डोळे पुसून ती खिडकीशी तशीच बसून राहिली.

बाबा खिडकीखाली येऊन म्हणाले, "काऊन बसून राह्यली? उतर ना."

"आबाजीची माती झाली ना?" आईने विचारलं.

"झाली."

"मंग आपन आता जाऊन काय करनार हाओ? जित्तेपनी जे कराचं ते मी केलं. देऊळ नाई चालत तं नाई जाऊ. गाडीले सुतक असते का? पान्याले असते का?"

बाबा म्हणाले, लोक काय म्हणतील. आई म्हणाली, लोक नाचणगावात आहेत. आणि मग ती जे बोलली ते मला आजही तिच्या आवाजात ऐकू येतं. "सुतकात आंघोळ करा लागते. ते बेटावरच्या पान्यात करू."

इंजिनाची शिट्टी झाली. बाबांनी एकदा चिठ्ठीकडे पाहिलं, एकदा त्या बाईकडे, जिच्या हाताची निघालेली कातडी त्यांनी दर उन्हाळ्यात पाहिली होती, आणि ट्रंक उचलून परत डब्यात टाकली. त्यामागून वळकटी, सुमी आणि मी. गाडी हलली. माझं बालपण कुठे संपलं असं कोणी विचारलं तर मी मंडपमच्या फलाटावर म्हणेन. मोठ्या माणसांनी ठरवलेली गोष्ट मोडता येते, आणि मोडल्यावर आभाळ कोसळत नाही, हे मला तिथे कळलं.

पूल आला. खाली पाणी, डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी. पुलाला कठडे नाहीत, गाडी इतकी हळू की चाक अन् चाक मोजावं. डब्यातले लोक हात जोडत होते, कोणी पाण्यात नाणी टाकत होते. आईने काहीच टाकलं नाही. तिने माझं मनगट पकडलं होतं आणि ते इतकं घट्ट की बांगडी रुतली. मला वाटलं ती घाबरली. मी वर पाहिलं तर ती हसत होती, तोंड उघडं टाकून, जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या पोरीसारखी. आईचे मागचे दात मी पहिल्यांदा तेव्हा पाहिले.

आम्ही देवळाजवळच्या धर्मशाळेत न उतरता स्टेशनातच खोली घेतली. आणि सांगते ते ऐका, आईने सुतक पाळलं. नाचणगावात कोणी पाळलं नसेल इतकं कडक पाळलं. उरलेल्या पुऱ्या आणि गूळ तिने स्टेशनावरच्या भिकाऱ्याला देऊन टाकला. आम्ही भुईवर झोपलो. तेलाचं बोट केसाला लागलं नाही. जेवण म्हणजे साधा भात, ताक आणि केळी. आणि आंघोळ मात्र सकाळी, दुपारी आणि दिवस कलता कलता. बाबा म्हणायचे, पुरे झाल्या आता. आई म्हणायची, सुतकात किती आंघोळी करायच्या ते कुठे सांगितलंय? नऊवारीचा काचा घट्ट मारून ती पाण्यात शिरायची. पहिल्या लाटेने तिला उताणी पाडलं. दुसऱ्या लाटेला ती पाय रोवून उभी राहिली. तिसऱ्या लाटेवर तिने दोन्ही हातांनी पाणी उडवलं, आयुष्यभर ज्याला जपून जपून वापरलं त्या पाण्याची तिने अशी काही उधळपट्टी केली की बाजूच्या यात्रेकरू बाया थांबून पाहायला लागल्या. तोंडात पाणी गेलं तेव्हा ती थुंकून म्हणाली, खारट हाय खरंच, अन् मग अजून एक घोट घेऊन पाहिला. बाबा आधी काठावर कोरडे उभे होते, चपला सांभाळत. दुसऱ्या दिवशी सदरा काढून तेही उतरले. एवढे मोठे गार्डसाहेब, गंजिफ्रॉक घालून लाटेत गटांगळ्या खात होते, आणि मी आणि सुमी पोट धरधरून हसत होतो. सुतकात.

देवळासमोरून रोज जायचो. तिथले पुजारी म्हणे पूर्वी आपल्याच मुलखातून गेलेले. त्यांची मराठी जुनी, ठेचकाळत चाललेली, पण मराठी. आमचं बोलणं ऐकून एक जण मागे लागला. बावीस विहिरींचं स्नान घालून देतो, अभिषेक करतो, आत चला. आईने थांबून त्याला नमस्कार केला आणि म्हणाली, सुतक आहे. तो दोन पावलं मागे सरला. मग काही त्याने किंवा दुसऱ्या कोणी आम्हाला हटकलं नाही. एवढ्या गर्दीच्या क्षेत्रात एवढ्या निवांतपणे कोणी फिरलं नसेल. आईने बाहेरूनच कळसाला हात जोडले. देवाचं आणि तिचं काही भांडण नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच की, ज्याच्यासाठी आलो ते पाहू द्या.

पण एक गोष्ट तिच्या मनात डाचत होती. हे बेट फार मोठं होतं. उभं राहून चारी बाजूंचं पाणी दिसत नव्हतं. तुह्या पुस्तकातलं खरं कशावरून, ती मला म्हणाली. म्हणून परतताना आम्ही मंडपमला एक दिवस उतरलो. ती किनारपट्टी देवळाच्या गर्दीपासून दूर, शांत. वाळूत होड्या कलंडून पडलेल्या, जाळी वाळत घातलेली. आईने एका कोळ्याच्या बायकोला गाठलं आणि हातांनी हवेत एक छोटं गोल काढून दाखवलं, मग त्याच्याभोवती दोन बोटांनी चालून दाखवलं. त्या बाईला बरोबर कळलं. तिच्या नवऱ्याने आम्हाला होडीत घालून समोरच्या एका बेटावर नेलं. नाव विचारायचं राहून गेलं. माणूस नाही, घर नाही, नुसती झुडपं, वाळू आणि शिंपले. आईने उतरल्या जागी चपला काढून ठेवल्या आणि पाण्याच्या काठाकाठाने चालायला लागली. आम्ही मागे. ऊन तापलं होतं, वाळू चटकत होती, सुमी रडायला लागली तेव्हा बाबांनी तिला खांद्यावर घेतलं. आई मागे वळून पाहत नव्हती. तिचा उजवा हात सतत पाण्याच्या बाजूला होता आणि पाणी कुठे संपतच नव्हतं. चालता चालता पुढे वाळूवर तिच्या चपला दिसल्या. ती त्यांच्यापाशी थांबली, खाली बसली आणि मला म्हणाली, "खरं हाय वं कुंदे, तुह्या पुस्तकातलं."

मागच्या वर्षी आंजी गावच्या माझ्या मामेभावाची नात लग्न होऊन मालदीवला गेली होती. समुद्रात खांबांवर बांधलेल्या खोल्या, काचेची जमीन, खाली मासे. तिने मोबाईलवर सगळे फोटो दाखवले. आंजीतल्या एकाही माणसाने तिला विचारलं नाही की तिथे कोणता देव आहे. मला फार बरं वाटलं, आणि थोडा रागही आला. कशाचा ते तुम्ही समजून घ्या.

परतीच्या गाडीत बाबांचा चेहरा वर्ध्याच्या दिशेने हळूहळू उतरत गेला. बल्लारशा गेल्यावर त्यांनी आम्हा दोघी बहिणींना जवळ घेऊन समजावलं. कोणी विचारलं तर सांगायचं, निरोप मिळालाच नाही, तिकडची भाषा कळली नाही. मी आईकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, ती स्वतः खोटं बोलणार नाही, पण चार लोकांपुढे नवऱ्याला खोटंही पाडणार नाही. ती गप्प राहील. म्हणजे उरले मी. सुमीला कोण विचारतं.

तेरवीच्या आदल्या दिवशी पोचलो आणि तेरवीला रोहण्याला गेलो. मांडवात भावकी जमली होती. एका पाटावर आबाजींचा फोटो, हार, उदबत्ती. पुरुष पत्रावळी मांडून बसायच्या बेतात होते, मागे बाया पुऱ्या तळत होत्या. आम्ही मांडवात शिरलो. मोठे बाबा उठून उभे राहिले. ते पुलगावच्या स्टेशनात जाऊन विचारून आले होते की, निरोप मंडपमला पोचला होता, हे मला नंतर कळलं. तरी त्यांनी सगळ्यांपुढे बाबांना विचारलं, निरोप भेटला होता का नाही? बाबा म्हणाले, तिकडची भाषा, आणि तिथेच अडकले. मोठ्या बाबांनी हात वर केला.

"तू राहू दे. कुंदे, तू सांग. लेकरू खोटं नाई बोलत."

मी पुढे झाले. बाबा माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती आणि मला त्यांची फार दया आली. पण खोटं सांगायचं म्हणजे ते बेट, ती वाळू, आईचे ते दात, हे सगळं काहीतरी वाईट होतं असं कबूल करायचं. मी म्हणाले, "भेटला. मंडपमले भेटला. आमी उतरलो नाई."

मोठे बाबा पाटाजवळ आले. मग आईकडे वळले. "आबाजीची राख गरम होती अन् तुमी पान्यात खेयत होते. या पाटापुढं नाक घास, नाई तं भावकीत तुमचं पान मांडनार नाई. आजबी नाई, अन् पुढंबी नाई."

पान न मांडणं म्हणजे काय, हे आता सांगून कळायचं नाही. लग्न, बारसं, मरण, कशालाच आमच्या दारात कोणी येणार नाही आणि आम्ही कोणाच्या जाणार नाही. घरात दोन मुली. बाबांनी आईच्या दंडाला हात लावला, हलकेच, म्हणजे वाक. मांडवातल्या सगळ्यांना वाटलं ती वाकेल. मलाही वाटलं.

आई फोटोपाशी गेली, तिने आबाजींच्या पाया पडल्यासारखा पाटाला हात लावून नमस्कार केला आणि उभी राहिली. "पाया पडतो. रोज पडीन. नाक काऊन घासू? चोरी केली का? सुतक पुरं पाळलं. गोड खाल्लं नाई, तेल लावलं नाई, भुईवर झोपलो, देवळाची पायरी चढलो नाई. हसली तेवढं खरं. सुतकात हसू नोको असं आबाजी तं मले कधी नाई म्हनले."

कोणीतरी मागून म्हणालं, बाईची जीभ पाहा. मोठे बाबा पत्रावळींकडे गेले आणि त्यांनी बाबांच्या नावाची पत्रावळ उचलली. तेवढ्यात आतल्या खोलीतून चंद्रभागाआजी बाहेर आली. आबाजींची बायको. कपाळ उघडं, पांढरं लुगडं, पाठीत वाकलेली. तेरा दिवस कोपऱ्यात बसून होती, कोणाशी बोलली नव्हती, आणि तिने पुरुषांच्या मांडवात येणंच रीतीला धरून नव्हतं. ती सरळ मोठ्या बाबांपुढे येऊन उभी राहिली.

"बापू, मानूस माहा मेला. सुतक माह्या कपायाचं आहे. त्याचा झाडा घ्याचा तं मी घेईन. हे पोरगी त्याईचे पाय चेपाले येत जाये. तू कवा आलता? ठेव ते पान खाली."

मोठ्या बाबांनी पान खाली ठेवलं. बाई म्हणून नाही, आबाजींची बायको म्हणून, पण ठेवलं. आजी आईकडे वळली, तिचा हात धरून तिला तिथेच, मांडवाच्या मधोमध, खाली बसवलं आणि स्वतः समोर बसली. "आता सांग वं. समुद्र कसा असते?"

आईने पदर सावरला. मग ती सांगायला लागली. पाणी आपणहून अंगावर येतं आणि आपणहून मागे जातं. ओढावं लागत नाही. पलीकडचा काठ नसतोच. आवाज रात्री पण थांबत नाही. आजी मधेमधे विचारत होती: पाय रुततात का, थंड असतं का, पाण्याकडे पाहून भोवळ येत नाही का. आतल्या बाया एकेक करून बाहेर आल्या आणि भोवती बसल्या. कढईतल्या पुऱ्या करपल्या. पुरुष पत्रावळींपुढे मांडी घालून वाट पाहत बसले, आणि वाढायला कोणीच नव्हतं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ भाषणं ऐकली, पण आईच्या त्या बोलण्याची सर एकालाही आली नाही. शेवटी आजी म्हणाली की, तिने माहेर, आर्वी आणि रोहणा यापलीकडे काही पाहिलं नाही. आबाजी दरवर्षी म्हणायचे, यंदा जाऊ. मग म्हणाली, "पुढच्या खेपेले मले ने."

मोठे बाबा म्हणाले, वर्ष सरेपर्यंत विधवेने गावाची शीव ओलांडू नये. आजीने त्यांच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. आम्हाला मात्र त्या दिवशी सगळ्यांसोबत जेवायला बसवलं गेलं, करपलेल्या पुऱ्यांवर. पुढच्या घराने आमच्याशी बोलणं टाकलं ते कितीतरी दिवस. विहिरीवर मोठी आई आईला पाहून तोंड फिरवायची. आई तिच्या वाट्याचं पाणी तरी ओढून ठेवायची, आणि वरून म्हणायची, खारट नाही, प्या.

आबाजींचं वर्ष सरलं नव्हतं. कपाशी वेचून झाली होती, थंडी पडली होती. आई, मी आणि सुमी पुलगावहून निघून रोहण्याला आजीला घ्यायला गेलो. त्या दिवशी परतीच्या गाडीवर बाबांचीच ड्युटी होती. नव्या सालच्या पासात आजी बसत नव्हती, तिने स्वतःचं तिकीट काढलं होतं. ती एक गाठोडं काखेत घेऊन फलाटावर उभी होती आणि तिच्यामागे अर्धी भावकी, तिला अडवायला आलेली. कोणी रीत सांगत होतं, कोणी तब्येतीची भीती घालत होतं. आजी कोणाला उत्तर न देता डब्यात चढली आणि खिडकीशी बसली. तिचा मुलगा दादाराव खिडकीशी आला. बिचारा दोन्हीकडून कात्रीत सापडला होता. हळूच म्हणाला, "माय, लोक इचारतीन तं रामेश्वरले देवाले गेली म्हनू ना?"

आजी खिडकीबाहेर वाकली. फलाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खोटं नोको बोलू. धनी मेला, अन् बाई समुद्र पाह्यले गेली, असं सांगजो."

बाबांनी हिरवी झेंडी दाखवली.